आबांची जनता आणि माझं केशरी ‘स्विस’

मागच्या भागात म्हणालो होतो की दिवाळीला उमरखेडला जातोय, आलो की घड्याळांवर बोलू. तर बोलू या. सुरुवात जरा लाजिरवाणी आहे, कारण ती माझ्या फसण्यापासून होते.

पुण्यात नोकरी लागली आणि मला जुन्या घड्याळांचं वेड लागलं. ऑनलाइन एक फेवर-ल्युबा दिसलं. ‘१९६० च्या दशकातलं, ओरिजिनल’, केशरी डायल, एकदम चकाचक. ४,२०० रुपये. घेऊन टाकलं. दिवाळीत आबांना दाखवलं, तर त्यांनी आपलं मनगट पुढे केलं. १९७४ मध्ये लग्नात सासऱ्यांनी दिलेली एचएमटी जनता. डायल पिवळी पडलेली, काचेवर ओरखडेच ओरखडे. आबा म्हणाले, “तुह्यं पाय कसं नवं दिसते. माह्यालेबी तशीच डायल बसवून आण.”

म्हणून दोन्ही घड्याळं घेऊन गावातल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी माझ्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं. आत मशीनवर दुसऱ्याच एका स्विस कंपनीचं नाव! काका हसले. “डायल मुंबईची हाये, बाबू.”

ही ‘मुंबईची डायल’ काय भानगड आहे?

फेवर-ल्युबा ही १७३७ पासूनची स्विस कंपनी. १८६५ पासून तिचा मुंबईशी व्यापार. म्हणजे आपल्याकडे हे नाव पणजोबांच्या काळापासून माहीत. पण स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती, आयातीवर बंधनं आली आणि विदेशी घड्याळ ही चोरट्या मार्गाने येणारी चीज झाली. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, पहिली घड्याळं नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. तरी घड्याळ ही आयुष्यात एकदा घ्यायची वस्तू. लग्नात सायकल, रेडिओ, घड्याळ मिळालं की जावई खूश.

आता विचार करा. असं घड्याळ वीस-तीस वर्षं चालायचं. घाम, पावसाळा, दमट हवा, डायलवर डाग पडणारच. नवी डायल मिळायची नाही. मग मुंबईतले कारागीर जुनी डायल खरवडून, रंगवून, त्यावर नाव पुन्हा छापून द्यायचे. मालक आनंदाने पैसे मोजायचा. यात फसवणूक कुठाय? भांड्यांना कल्हई करून घेतो, तसंच हे.

नंतर क्वार्ट्झ आलं. १९८४ मध्ये टायटन उभी राहिली, सेलवरची घड्याळं घराघरांत गेली आणि चावीची घड्याळं कपाटात, तिथून भंगारात, तिथून मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली आणि लोकांना एकदम आठवण आली. इंटरनेटवर जगभरचे शौकीन जुनी घड्याळं शोधत होतेच. ज्याला जुनंपण हवंय त्याला तीच कल्हई ‘ओरिजिनल’ म्हणून विकली जायला लागली. परदेशातले शौकीन अशा घड्याळाला ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुक नसतं. मला हे थोडं लागतं, खरं सांगतो. कारागिराने काम केलं होतं. ते लपवलं विकणाऱ्याने.

ओळखायचं कसं? काकांनी दाखवलं ते सांगतो. भिंगातून (मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी चालेल) अक्षरांच्या कडा पाहायच्या. कारखान्यातली छपाई बारीक आणि रेखीव असते. पुन्हा छापलेली जाड, कुठे फुटलेली. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका सरळीत येतात का? तारखेच्या खिडकीच्या कडेला रंग साचलाय का? सेकंद काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतो की आखूड आहे? मग केस. फार पॉलिश केली की तिच्या धारदार कडा गोल होतात. आणि शेवटी मशीन. झाकण उघडलेला फोटो विकणारा देत नसेल, तर मी पुढे बोलतच नाही. आता.

एचएमटीत वेगळीच गंमत आहे. जनता आणि पायलट या दोन मॉडेलांत एकच मशीन असायचं, १७ ज्वेलचं. काळ्या डायलच्या पायलटला शौकिनांची मागणी जास्त. मग जनतेच्या मशीनवर नव्याने छापलेली पायलटची डायल बसवायची आणि किंमत वाढवायची. इथे मशीन बघूनही पूर्ण उलगडा होत नाही, डायलच तपासावी लागते. निळा-पिवळा-पोपटी पायलट दिसला की सावध.

किमतीचं माझं गणित आता असं आहे. जाहिरातीत मागितलेला भाव बघायचा नाही, तसंच घड्याळ खरोखर कितीला विकलं गेलं ते बघायचं. त्यातून सर्व्हिसिंगचा खर्च वजा. डायल पुन्हा रंगवलेली असेल तर संग्राहकाचा भाव द्यायचा नाही, चालतं जुनं घड्याळ म्हणूनच किंमत करायची. काच, पट्टा, चावी बदललेली असेल तर मी फार कापत नाही. या झिजणाऱ्याच वस्तू. माझ्या केशरी घड्याळाचे काकांनी ८०० सांगितले. तेही मशीन चांगलं म्हणून.

आबांची जनता त्यांनी बराच वेळ न्याहाळली. काच आणि चावी बदललेली, बाकी सगळं कारखान्यातलं. “डायलले हात नोका लावू,” काका म्हणाले.

आबा काही खूश झाले नाहीत. पिवळी डायल त्यांना पिवळीच दिसते, तिची ‘किंमत’ माझ्यासाठी. तीन चहा आणि बरीच समजूत काढल्यावर फक्त नवी काच आणि साफसफाई यावर तडजोड झाली. जनता चार दिवस काकांकडे राहणार होती आणि मधेच पुसदला लग्न होतं. आबा माझं केशरी घालून गेले. मांडवात दोघांनी विचारलं म्हणे, कुठून घेतलं?