नवें कणीस आणि पवनेचें पाणी

दरवर्षीं सप्टेंबरच्या ८ तारखेस, पवित्र मरियामातेच्या जन्माच्या सणास, आपल्या ख्रिस्तमंदिरांत दोन निरनिराळ्या रीती एकत्र येतात. मंगळूरकडील कुटुंबें भाताचें नवें कणीस वेदीपुढें आणतात, आणि तें आशीर्वादित झाल्यावर घरीं नेऊन त्याचे दाणे त्या दिवसाच्या पहिल्या घांसांत मिसळतात. नगरकडील कुटुंबांचें अर्धें चित्त मात्र त्या दिवसांत हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेकडे लागलेलें असतें. दोन्ही रीती मूळच्या शेतकऱ्यांच्या. देवानें पीक दिलें, म्हणून देवाचे आभार, इतका हा साधा व्यवहार आहे. परंतु पिंपरी-चिंचवडच्या ज्या वस्तींत आपण राहतों, तेथें पीक कोठें आहे? जवळच्या मावळांतील भातही त्या सुमारास बहुधा पोटरींतच असतें. तेव्हां ह्या यंत्रनगरीनें आभार मानावयाचे ते कशाचे आणि कोणाचे, हें ज्युबिलीच्या निमित्तानें मागील इतिहास चाळून पाहावें असें मनांत आलें. मिस्साबलीला आपण उपकारस्तुति म्हणतों. ज्याची उपासनाच उपकारस्तुति, त्यानें उपकारकर्त्यांचा हिशेब तरी नीट ठेवावयास हवा.

देणगीदारांचीं नांवें संगमरवरावर कोरलेलीं असतात, आणि तीं तशीं असावींत, ह्याबद्दल माझें कांहीं म्हणणें नाहीं. पण खरी यादी त्या फरशीवर मावणारी नव्हे. पुणें शहरांतील क्वार्टर गेटजवळचें जुनें मंदिर, ज्याला सर्वजण सिटी चर्च म्हणतात, त्याचें उदाहरण घ्या. त्याला १७९२ सालीं जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनीं. फौजेंत चाकरीस असलेल्या ख्रिस्ती शिपायांस उपासनेचें ठिकाण हवें होतें, तें हिंदु राज्यकर्त्यानें दिलें. आपल्या धर्मप्रांताच्या इतिहासाचें पहिलें पान असें दुसऱ्याच्या औदार्यानें लिहिलेलें आहे. पुढचीं पानेंही बरींच तशींच आहेत.

आजच्या शहराच्या जागीं पूर्वीं पवनेच्या कांठचीं आणि माळरानावरचीं लहान लहान गांवें होतीं. चिंचवडास मोरया गोसावींची समाधि. तेंच चापेकर बंधूंचेंही गांव. देहू आणि आळंदी हीं दोन्ही क्षेत्रें हाकेच्या अंतरावर, आणि आषाढींत तुकोबांची पालखी आकुर्डीवरून जाते. १८५८ सालीं लोहमार्ग पुण्यास पोहोंचला, तरी ह्या गांवांचें जीवन फारसें बदललें नाहीं. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबें पिंपरीच्या छावणींत आलीं. सर्वस्व गमावून आलेल्या ह्या लोकांनीं थोड्याच वर्षांत येथें बाजारपेठ उभी केली. आपल्या घरांतील लग्नाचीं लुगडीं पुढें पुष्कळदां त्याच बाजारांतून आलीं, हें वडील मंडळींस आठवत असेल.

आतां ज्या गोष्टीसाठीं पिंपरीचें नांव प्रथम देशभर झालें, तिच्याकडे वळतों. पेनिसिलीनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांस लंडन येथें १९२८ सालीं लागला. त्याचें औषध बनविण्याचें श्रेय ऑक्सफर्डच्या फ्लोरी व चेन यांकडे जातें, आणि १९४५ सालचें नोबेल पारितोषिक ह्या तिघांस मिळून मिळालें. महायुद्धांत त्या औषधानें असंख्य जखमी सैनिक वांचविले. पण आपल्या देशांत तें परदेशाहून आणावें लागे, आणि न्यूमोनिया झालेल्या गरीबाच्या मुलापर्यंत तें क्वचितच पोहोंचे. तें येथेंच करावें असें सरकारनें ठरविलें. जागतिक आरोग्य संघटनेनें तज्ज्ञ दिले आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीनें यंत्रसामग्री दिली. १० मार्च १९५४ रोजीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ सालीं पिंपरीचें पेनिसिलीन निघूं लागलें.

तें कसें करीत, हें थोडें सांगण्याजोगें आहे. मोठमोठ्या बंद टांक्यांत साखर व मक्याचा अर्क घातलेलें पाणी उकळून निर्जंतुक करावयाचें, निवल्यावर त्यांत ती विशिष्ट बुरशी सोडावयाची, आणि पुढें कित्येक दिवस खालून स्वच्छ केलेली हवा सतत खेळवीत तिचें संगोपन करावयाचें. आपल्या घरचें विरजण आणि हें काम, तत्त्वतः एकच. विरजणांत नको तें पडलें कीं दहीं नासतें. येथें एखादा परका जंतु शिरला कीं हजारों लिटरची टांकी वायां जावयाची. म्हणून रात्रपाळीच्या कामगाराची जागरूकता हेंच त्या औषधाचें अर्धें मूल्य होतें. माझे वडील त्याच पाळ्यांवर सायकलनें जात. पहांटे परत आले कीं प्रथम हात धूत आणि मग आम्हां मुलांस उठवीत. १९६१ सालीं ह्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेंत बुरशीजन्य रोगांवरील एक नवें औषध सांपडलें. कारखान्याच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन त्यास हॅमायसीन असें नांव देण्यांत आलें.

ह्या हकीकतींत एक गोष्ट मला फार हृद्य वाटते. बालक निधि हा वर्गणीवर चालणारा निधि. देशोदेशींच्या सरकारांनीं आणि सामान्य माणसांनीं स्वखुशीनें दिलेला तो पैसा. दूर देशच्या कोणा अनोळखी माणसाचें नाणें ह्या टांक्यांत असूं शकेल, आणि त्यास पिंपरी हें नांवही ठाऊक नसेल. आपलें ख्रिस्तमंदिर वर्गणीवर उभें राहिलें, त्याच्या कितीतरी आधीं आपलें गांव वर्गणीवर नांवारूपास आलें होतें. पुढें, १९९० नंतरच्या काळांत, तो कारखाना तोट्यांत गेला, आणि ते भरभराटीचे दिवस राहिले नाहींत. ज्या घरांनीं त्या काळांत थकलेल्या पगाराची वाट पाहिली, त्यांस हें सांगावयास नको. म्हणून उपकार खोटा ठरत नाहीं.

१९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि माळांवर आखणीच्या खुंट्या पडूं लागल्या. आकुर्डीस बजाजचा, पिंपरीस टेल्कोचा, असे कारखाने एकामागून एक आले. ४ मार्च १९७० रोजीं नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं महानगरपालिका. आपले आजे-पणजे येथें आले ते ह्याच ओघांत. पुष्कळांचें मूळ नगर जिल्ह्यांतील. ज्या केंदळहून १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें, त्या परिसरांतील. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून ज्यांचे हात सोलवटले होते, त्यांस कारखान्याचें फाटक स्वर्गाच्या दारासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. चाकण त्या मानानें अलीकडचें. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्ताखानाच्या अफाट फौजेस जेथें जवळजवळ दोन महिने अडवून धरलें, आणि जेथला कांद्याचा बाजार प्रसिद्ध, त्या गांवाच्या शिवारांत फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला.

परंतु ज्या जमिनींवर हें सर्व उभें राहिलें त्या कोणाच्या? अमेरिकेंत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं आभाराचा मोठा सण होतो. १६२१ सालीं नव्यानें आलेल्या वसाहतवाल्यांचें पीक हातीं आलें, त्याची ती आठवण. मका कसा पेरावा हें त्यांस तेथल्या मूळ रहिवाशांनीं शिकविलें होतें, आणि पुढें त्याच रहिवाशांची भूमि गेली. त्यांचे वंशज १९७० पासून त्याच दिवशीं प्लिमथ येथें जमून शोक पाळतात. एकाच ताटावरून दोन घरांत दोन गोष्टी सांगितल्या जातात. आपल्याकडे इतकें घडलें नाहीं हें खरें, तरी ताट आपलेंही आहे.

आपल्या घरोघरीं येणारें पाणी पवनेचें. मावळांतील धरणांतून तें नदींत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यापाशीं उचलतात, निगडीस शुद्ध करतात आणि मग नळास येतें. धरण १९७० च्या सुमारास बांधलें गेलें, तेव्हां कित्येक गांवांचीं शेतें-घरें पाण्याखालीं गेलीं. आणि त्यांतील अनेक कुटुंबांस बदलीची जमीन पन्नास वर्षें लोटल्यावरही मिळालेली नव्हती. नंतर धरणापासून शहरापर्यंत बंद नळानें पाणी आणण्याची योजना निघाली. पाणी नळांतून गेल्यास नदीकांठच्या आपल्या मोटारींना काय उरेल, ही मावळच्या शेतकऱ्यांची धास्ती होती. ९ ऑगस्ट २०११ रोजीं त्यांनीं बऊर येथें द्रुतगति मार्ग अडविला. पोलिसांनीं गोळीबार केला. तिघे जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. योजनेचें काम तेव्हां थांबलें.

त्या आठवड्यांत आमच्या इमारतींत पाण्याची तक्रार चालूच होती. दाब कमी, वेळ अपुरा. जिन्यांत मीही तक्रार केली. पुढील रविवारीं मिस्साबलीच्या वेळीं फादरांनीं द्राक्षारसांत पाण्याचा थेंब घातला, तेव्हां तो थेंब कोठून आला हें माझ्या मनांत प्रथमच आलें, आणि नंतरच्या प्रार्थनेंत माझें लक्ष लागलें नाहीं.

ज्युबिली हा शब्द आपण सहज वापरतों. लेवीयच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत तिचा मूळ नियम आहे: पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, आणि ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी. रोषणाई, स्मरणिका, सामुदायिक भोजन हें सर्व आपण योजिलें आहे व तें व्हावेंच. मूळ नियमाचा विषय मात्र कोणत्याही बैठकींत निघाला नाहीं. जमीन परत देणें आपल्या हातीं नाहीं, हें मला कळतें. तरी ज्यांचें पाणी आपण पितों त्यांच्या अर्जावर सह्या देणें आपल्या हातीं आहे, आणि त्यांचीं नांवें घेणेंही आहे.

म्हणून फादरांकडे एक विनंति केली आहे. पुढच्या ८ सप्टेंबरला नव्या कणसाशेजारीं पवनेच्या पाण्याचा एक तांब्या वेदीपुढें ठेवावा, आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेंत धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या गांवांचीं नांवें एकेक करून वाचावींत. तीं नांवें मी गोळा करीत आहें. मावळांतील दोन-तीन वृद्धांना भेटून आलों. यादी अद्याप पुरी झालेली नाहीं.