५ धावा आणि ३७ धावा : रणजीच्या बाद फेरीतील विदर्भ

१/ विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळत आला. पहिले विजेतेपद मात्र २०१७-१८ च्या हंगामात लाभले. ६० वर्षांची ही प्रतीक्षा कोलकात्यातील उपांत्य सामन्यात अवघ्या ५ धावांच्या फरकाने फळाला आली.

२/ बाद फेरीत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरते. ती कर्नाटकाकडे होती, तब्बल ११६ धावांची. विदर्भाला निर्णायक विजयाखेरीज गत्यंतर नव्हते. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ बळी घेतले. १९८ धावांच्या लक्ष्यासमोर कर्नाटकाचा डाव १९२ वर आटोपला.

३/ इंदूरच्या अंतिम सामन्यात गुरबानीची हॅट्ट्रिक आणि दिल्लीवर ९ गडी राखून विजय. पुढील हंगामात जामठ्यात सौराष्ट्रावर ७८ धावांनी मात. २०२४ च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईकडून पराभव.

४/ २०२५ मध्ये जामठ्यातील अंतिम सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावात विदर्भ ३७९, केरळ ३४२. ज्या नियमाने २०१७ मध्ये विदर्भाची कोंडी केली, त्याच नियमाने ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक दिला.

५/ म्हणून जुना धावफलक वाचताना ‘अनिर्णित’ या शब्दावर थांबू नये. पहिल्या डावाचे आकडे पाहावेत. निकाल बहुधा तिथेच दडलेला असतो.