चौथ्या चिठ्ठीतली गावं

मागच्या भागात आपण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोललो. त्यानंतर तीन गटांतून एकच प्रश्न आला, "ताई, ही तपासणी करायची असं ठरवलं कुणी? आणि कशावरून?" प्रश्न साधा वाटला. उत्तर शोधायला बसले, तर ते आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबलं. म्हणून आज इतिहास सांगते. किल्ल्यांचा नाही, आपल्या गावांचा.

साल १९९९, ऑक्टोबर महिना. किल्लारीच्या भूकंपाला सहा वर्षं झाली होती. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद. आशाताई अजून यायच्या होत्या. गावात आरोग्याचं माणूस म्हणजे उपकेंद्राची नर्सबाई. त्या वर्षी बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योन शहरातली कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून आपल्या जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास सुरू केला. पैसा अमेरिकेतल्या गेट्स फाउंडेशनचा. त्यात बायका किती, तर १,३१,७४६. वय ३० ते ५९. सगळ्या खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या, आणि त्या दिवशी तरी धडधाकट.

आपलाच भाग का निवडला? बार्शीला १९८७ पासून एक काम चाललं होतं. गावोगावी कॅन्सरचे रुग्ण किती, गेले किती, याची नोंदवही ठेवायची. शहरात अशा वह्या होत्या, खेड्यात ही पहिली. त्यामुळे एखादी बाई कशानं गेली हे इथं कळू शकत होतं. एरवी आपल्याकडे बाई गेली की "अंगावर काढलं" एवढंच लोक म्हणतात.

आता अभ्यास कसा केला ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. गावांचे ५२ गट पाडले. मग भिशीत चिठ्ठ्या काढतात तसं ठरवलं, कुठल्या गटाला काय मिळणार. तेरा-तेरा गटांचे चार भाग झाले. पहिल्या भागातल्या बायकांची एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी. हाच विषाणू वर्षानुवर्षं आत राहिला तर पुढे कॅन्सर होतो. दुसऱ्या भागाला पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी काचेवर घेऊन दुर्बिणीखाली बघायच्या. तिसऱ्या भागाला व्हिनेगरची तपासणी. चायनीजच्या गाडीवर असतं तेच व्हिनेगर, पातळ केलेलं. ते लावलं की बिघडलेली जागा पांढरी दिसते. तपासणी प्रत्येकीची एकदाच. ज्यांच्यात काही सापडलं त्यांना पुढचे उपचार.

आणि चौथा भाग? ३१,४८८ बायका. त्यांची तपासणी करायची नव्हती. त्यांचं जसं चाललंय तसंच चालू द्यायचं आणि लक्ष ठेवायचं. तपासणी हवी असेल तर कुठल्या दवाखान्यात जायचं हे त्यांना सांगितलं होतं, असं संशोधकांनी लिहिलं आहे.

असा रिकामा गट कशाला ठेवतात, हे मला आधी कळलं नव्हतं. समजा, एका वावरात नवं खत टाकलं आणि पीक जोमात आलं. मग ते खतानं आलं की पावसानं? हे कळायला शेजारचं एक वावर बिनखताचं ठेवावं लागतं. शास्त्राच्या दृष्टीनं हे बरोबर आहे. पण वावराला जीव नसतो.

आठ वर्षांनी हिशेब झाला आणि २००९ साली तो अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आला. विषाणूच्या तपासणीच्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी या कॅन्सरनं गेल्या ३४. तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी गेल्या ६४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मरण जवळपास निम्म्यावर आलं. बाकी दोन तपासण्यांमुळे एवढा ठळक फरक दिसला नाही. ही बातमी जगभर गेली. आज जागतिक आरोग्य संघटना याच विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागे जे पुरावे आहेत त्यांत आपल्या बायकांचा हा आकडा आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे, ती मी कमी करणार नाही.

हे सगळं मी आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. हप्ते गोळा करून झाले होते, चहा यायचा होता. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "आपलं गाव कितव्या चिठ्ठीत होतं?"

मला सांगता आलं नाही. मावशींची जाऊ याच आजारानं गेली, अभ्यास चालू होता त्याच वर्षांत. ती त्या चौसष्टांत होती की नव्हती, हे घरात कुणाला माहीत नाही.

दुसरी एकजण म्हणाली, "पण ताई, बाकीच्या जिल्ह्यांत तरी तेव्हा कुठं तपासणी होत होती? त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही कुणी." संशोधकांचं म्हणणं अगदी हेच होतं. देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. पॅप तपासणीला प्रयोगशाळा लागते, शिकलेली माणसं लागतात, पुन्हा पुन्हा करावी लागते. एकदाच केलेली तपासणी खेड्यात कामाला येते का, हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. हे म्हणणं मला खोटं वाटत नाही.

मावशींनी मात्र ताडकन उत्तर दिलं. "बाकीच्या जिल्ह्यांत कुणी मोजत बसलं नव्हतं."

पुढे डॉक्टरांमध्ये जो वाद पेटला तो मावशींच्या या एका वाक्याचाच आहे. असेच आणखी दोन अभ्यास झाले होते. एक मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून, एक तामिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात २००० पासून. तिन्हीकडे एक गट बिनतपासणीचा. अमेरिकेतले एक डॉक्टर, एरिक सुबा, यांनी तिन्ही अभ्यासांतल्या बिनतपासणीच्या बायका मोजल्या. सुमारे १ लाख ३८ हजार. त्यांतल्या किमान २५४ या कॅन्सरनं गेल्या. पॅप तपासणीनं मरण कमी होतं हे श्रीमंत देशांना कित्येक वर्षं आधी माहीत होतं, मग बघत बसायला गरीब बायकाच का लागल्या, असं त्यांचं विचारणं होतं. तीन तपासण्या एकमेकींशी ताडून पाहता आल्या असत्या. रिकामा गट कशाला? मुंबईच्या अभ्यासात अमेरिकी सरकारचा पैसा होता, म्हणून तिथल्या सरकारी कार्यालयानं चौकशी केली आणि बायकांना दिलेली माहिती अपुरी होती असं मत दिलं. मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये २०१४ साली दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलं. संशोधकांनीही आपली बाजू मांडली. मुंबईत दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केल्यानं मरण ३१ टक्क्यांनी कमी झालं होतं, हे त्यांच्या बाजूचं मोठं बोलणं. पुढे २०१६ साली केंद्र सरकारनं ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करायची असं ठरवलं. गटांनी विचारलं होतं ना, कुणी ठरवलं, ते हे.

हे पहिल्यांदाच घडलं असतं तर मी कदाचित एवढं बोलले नसते. त्याच्याही आधी, १९७६ ते १९८८ या काळात, दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या एका अभ्यासात अकराशेहून जास्त बायका होत्या. त्यांच्या पिशवीच्या तोंडाशी बिघाड सुरू झालेला होता. तो आपोआप बरा होतो की कॅन्सरकडे जातो, हे बघायला त्यांना उपचाराविना ठेवलं. किमान नऊजणींचा बिघाड उपचाराआधीच पसरणाऱ्या कॅन्सरपर्यंत गेला. लेखी संमती घेतलेली नव्हती. १९९७ साली हे पेपरात आलं तेव्हा लोकांना कळलं. त्यानंतर २००० साली परिषदेनं माणसांवरच्या संशोधनाचे सविस्तर नियम छापले. ज्याच्यावर अभ्यास करायचा त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा, नाही म्हणायची मोकळीक द्या, नाही म्हटलं तरी उपचार थांबवू नका, असं त्यात आहे.

आपल्या जिल्ह्यातला अभ्यास दिल्लीसारखा नव्हता, हे स्पष्ट सांगते. इथं कुणाचा आजार सापडूनही लपवून ठेवला नाही. बार्शीच्या डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी गावोगावी फिरून सुमारे ऐंशी हजार बायकांना, बहुतेकींना आयुष्यात पहिल्यांदाच, तपासणीपर्यंत नेलं. आपल्याकडे बाईला या तपासणीला टेबलावर झोपायला तयार करणं किती अवघड असतं हे मला विचारा. पण चौथ्या चिठ्ठीतल्या बायकांनीही काहीतरी दिलंच ना? पहिल्या गटाच्या ३४ ला अर्थ आहे तो त्यांच्या ६४ मुळे. मधल्या तीस बायकांमुळे जगाला खात्री पटली. आपण काय देतोय हे त्यांना सांगितलेलं होतं का, "शेजारच्या गावात तपासणी होतेय, तुमच्यात नाही, कारण आम्हाला फरक मोजायचा आहे" इतक्या सरळ शब्दांत? मला वाटतं, इतक्या सरळ शब्दांत सांगितलं असतं तर निम्म्या बायका दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात जाऊन बसल्या असत्या. आणि बहुतेक म्हणूनच असं सांगणं संशोधनाला परवडत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाकडे दोघं आले होते. संस्थेचं नाव घेत नाही. रक्त कमी असण्याचा अभ्यास होता. "सुई टोचायची, दोन मिनिटांचं काम, इथं अंगठा." कागद इंग्रजीत. आधीची गोष्ट होऊन गेली होती, त्यामुळे मावशी तयारच होत्या. "माझ्या रक्ताचा निकाल मला कळणार का? गोळ्या सगळ्यांना देणार की चिठ्ठ्या काढणार?" पोरगा गडबडला. वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाला. आपण बँकेच्या कर्जाचा कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय अंगठा देत नाही, हाही वाचूनच देऊ, असं ठरलं.

पुढच्या मंगळवारी तो मराठी कागद घेऊन आला. चार पानं होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की अर्ध्या गावांना गोळ्या आता मिळतील आणि अर्ध्यांना सहा महिन्यांनी. वाचायला आणि भांडायला मिळून पाऊण तास लागला. सतरापैकी अकराजणींनी सही केली. मावशींनी केली नाही. पण निघताना त्या पोराला म्हणाल्या, "निकाल आला की सांगायला ये बाबा, चहा देईन."