यंत्रमानवाला प्रश्न कसा विचारायचा?

'सबसर्फेस सर्क्युलर' हा गेम १७ ऑगस्ट २०१७ला आला. आधी जाहिरात नाही, ट्रेलर नाही, एक दिवस अचानक तो विकायला ठेवलेला दिसला. माइक बिथेल या ब्रिटिश गेमकर्त्याचा हा गेम जेमतेम दोन तासांत संपतो. सगळी गोष्ट भुयारी रेल्वेच्या एका डब्यात घडते. आपण असतो 'थीटा वन सीसी' नावाचा गुप्तहेर रोबॉट, आणि आपलं काम म्हणजे त्या डब्यात बसून राहणं. स्टेशन येतं, काही रोबॉट उतरतात, काही चढतात. त्यातल्या एकाचा मित्र गायब झालेला असतो आणि तपास सुरू होतो. पाठलाग नाही, गोळीबार नाही, बोटांचे ठसेही नाहीत. समोर येऊन बसलेल्याशी बोलायचं, एवढंच. संभाषण पडद्यावर चॅटसारखं एकाखाली एक उमटत जातं.

रहस्य म्हणून तो ठीक आहे, थोर नाही. पण मला त्याची गंमत वाटते ती वेगळ्या कारणासाठी. गेममधल्या पात्राला प्रश्न कसा विचारायचा, हा चाळीस वर्षांचा जुना घोळ आहे. या डब्यात बसल्यावर त्या घोळाचा सगळा इतिहास डोळ्यांसमोरून जातो.

तो सुरू होतो एका गुहेत. विल क्राउदर हा बॉस्टनमधला प्रोग्रॅमर. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या कामात तो होता आणि फावल्या वेळात गुहा धुंडाळायचा. १९७५-७६च्या सुमाराला त्याने केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहांवर बेतलेला एक गेम लिहिला. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळता यावा हाही त्यामागचा एक हेतू होता. डॉन वुड्सने १९७७मध्ये तो वाढवला, आणि 'अ‍ॅडव्हेंचर' या नावाने तो अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कंप्युटरांवर पसरला. चित्रं नाहीत. तुम्ही दोन शब्द टाइप करायचे, एक क्रियापद आणि एक नाम, आणि पुढे काय झालं ते कंप्युटर सांगणार. टाइप केलेलं वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात.

(हा पार्सर इंग्रजीत जन्मला म्हणून निभावला. पहिला शब्द क्रियापद, दुसरा नाम, काम झालं. मराठीत 'दिवा घे' आणि 'घे दिवा' दोन्ही चालतं. वर 'दिव्याला', 'दिव्याने', 'दिव्यात' असा त्या दिव्याचा चेहरामोहराच बदलतो. बिचाऱ्या क्राउदरला सामान्यरूप शिकावं लागलं असतं.)

गुहेत दोन शब्द पुरतात, कारण दगड उलट उत्तर देत नाहीत. माणसं आली की पंचाईत होते. एमआयटीतल्या मंडळींनी १९७९मध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढली, आणि १९८२मध्ये मार्क ब्लँकने तिच्यासाठी 'डेडलाइन' लिहिला. हा पूर्णपणे शब्दांतला गुप्तहेर-गेम. मार्शल रॉबनर नावाचा धनाढ्य उद्योगपती आतून कुलूप असलेल्या आपल्या लायब्ररीत मेलेला सापडतो. आत्महत्या असावी असं सगळ्यांना वाटतं. तपासाला तुमच्याकडे बारा तास. घरात बायको, मुलगा, सेक्रेटरी, धंद्यातला भागीदार, घरकाम बघणारी बाई, माळी. आणि ही माणसं तुमची वाट बघत एका जागी उभी राहत नाहीत. घड्याळ पुढे सरकतं तशी ती आपापल्या कामाने घरात फिरतात. सकाळी फोन वाजतो. तो बायकोने घेतला तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत असलात, तर ते बोलणं गेलं ते गेलंच.

'डेडलाइन'चा सगळा मजकूर फ्लॉपीवर मावेना. म्हणून इन्फोकॉमने साक्षीदारांच्या जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, पुरावा म्हणून चक्क काही गोळ्या असं सगळं गेमच्या खोक्यात घालून दिलं. जागेच्या टंचाईवर काढलेला तोडगा होता तो, पण लोकांना इतका आवडला की नंतर इन्फोकॉमची ती ओळखच झाली.

प्रश्न विचारायची पद्धत अशी होती: 'माळ्याला गुलाबांबद्दल विचार.' अमक्याला, तमक्याबद्दल. हे सुचायला मात्र तुम्हालाच हवं. माळी गुलाबांच्या नासाडीवरून वैतागलेला आहे हे तुमच्या लक्षात आलं पाहिजे, त्याचा त्या बंद लायब्ररीशी संबंध असू शकतो हे मनात यायला पाहिजे, आणि मग जाऊन त्याला गाठायला पाहिजे. नाहीतर तो आपला बागेत काम करत राहतो आणि तुमचे बारा तास संपतात. तपास या शब्दाचा अर्थ मला तरी कुठल्याही गेममध्ये इतका खरा वाटलेला नाही. त्याची किंमतही तेवढीच मोठी. लेखकाच्या ध्यानीमनी नसलेला प्रश्न टाइप केला की समोरचं हाडामासाचं माणूस अचानक पुतळा होतं. नवऱ्याच्या मृत्यूने हादरलेली बाई कसलंतरी ठोकळेबाज उत्तर देते, आणि पलीकडे बाई नसून एक यादी आहे हे उघडं पडतं.

या अडचणीवरची युक्ती आधीच सापडली होती, फक्त गेममध्ये नव्हे. जोसेफ वायझेनबाउमने १९६६मध्ये एमआयटीत 'एलायझा' नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम केला. त्याची सर्वांत गाजलेली भूमिका मानसोपचारतज्ज्ञाची. कारण साधं होतं. असा तज्ज्ञ जगाबद्दल काहीच माहीत नसल्यासारखं बोलला, तुमचंच वाक्य प्रश्न करून परत केलं, तरी ते खटकत नाही. यंत्राचं अज्ञान जिथे स्वाभाविक दिसेल अशी भूमिका त्याला द्यायची.

गोष्टींच्या जगात अशी भूमिका रोबॉटची. १९८३मध्ये इन्फोकॉमनेच दोन गेम काढले, आणि माझ्या मते आपल्या विषयाचा खरा गाभा तिथे आहे.

पहिला 'सस्पेंडेड', लेखक मायकेल बर्लिन. तुम्ही एका ग्रहाच्या पोटात गोठवलेल्या झोपेत आहात. वरचं हवामान, शेती आणि वाहतूक सांभाळणारी यंत्रणा भूकंपाने बिघडली आहे, वर माणसं मरताहेत. तुम्हाला हलता येत नाही. हाताशी सहा रोबॉट आहेत, आणि जग कळतं ते त्यांच्याच तोंडून. आयरिसला दिसतं. ऑडाला ऐकू येतं. वाल्डोला हातांनी चाचपता येतं. सेन्साला कंपनं आणि चुंबकीय हालचाली कळतात. व्हिझ माहितीच्या साठ्याशी जोडलेला. आणि पोएटला विजेचा प्रवाह जाणवतो, पण तो सगळं काव्यात्म कोड्यांमध्ये सांगतो. डोळे असलेली एकटी आयरिस, आणि गेम सुरू होतो तेव्हा नेमकी तिचीच नजर बिघडलेली असते.

आता विचार करा. एकाच खोलीत एकच वस्तू आहे. वाल्डो म्हणणार, काहीतरी गुळगुळीत आणि लांबट. ऑडा म्हणणार, काहीतरी गुणगुणतंय. पोएट त्याच वस्तूवर काहीतरी अगम्य बोलून मोकळा. ही सहा साक्षींची उलटतपासणी झाली. गुन्हा नाही, प्रेत नाही, तरी तुम्ही दोन तास तेच करता जे गुप्तहेर करतो: कोण काय जाणू शकतो आणि काय नाही याचा हिशेब ठेवून प्रत्येकाच्या बोलण्यातून वस्तुस्थिती गाळून घेणं. आणि इथे रोबॉटला तुमचं बोलणं कळलं नाही तर गोष्ट मोडत नाही. ऑडाला दिसत नाही, म्हणून ती रंग सांगू शकत नाही. पार्सरचा तोकडेपणा आता पात्राचा स्वभाव होऊन बसला. गेमसोबत नकाशा आणि सहा सोंगट्या मिळायच्या, कोण कुठे आहे ते लक्षात ठेवायला. त्या सोंगट्यांशिवाय मी हा गेम ब्राउझरवर खेळून पाहिला आहे. वहीची चार पानं भरली आणि तरी ग्रह वाचला नाही.

दुसरा 'प्लॅनेटफॉल', स्टीव्ह मेरेट्स्कीचा. त्यातला फ्लॉइड नावाचा रोबॉट लहान मुलासारखा मागे मागे फिरतो, मध्येच खेळायला बोलावतो. तुम्ही गेम सेव्ह केलात तर आता काहीतरी धोक्याचं करायचंय का, असं उत्साहाने विचारतो. त्याला फार काही कळत नाही, त्याचं बोलणं तुटक असतं, आणि हे सगळं त्याला शोभतं. मग एके ठिकाणी, तुमच्याऐवजी, तो राक्षसी प्राण्यांनी भरलेल्या प्रयोगशाळेत शिरतो आणि हवी ती वस्तू घेऊन मोडकळलेल्या अवस्थेत बाहेर येतो. त्या प्रसंगी आपण रडलो, असं सांगणारे लोक आजही भेटतात. काळ्या पडद्यावरच्या काही ओळी होत्या त्या. 'डेडलाइन'मधल्या माणसांसाठी कोणी रडल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण रोबॉट आणि गुप्तहेर ही जोडी फक्त तांत्रिक सोयीतून जमलेली नाही. विज्ञानकथेत खरीखुरी रहस्यकथा लिहिता येणार नाही, असं अमेरिकन संपादक जॉन कॅम्बेलचं मत होतं. लेखक ऐन वेळी नवं यंत्र काढून वाचकाला फसवेल, ही त्यातली शंका. आयझॅक असिमोव्हने १९५३मध्ये 'गॅलक्सी' मासिकातून 'द केव्हज ऑफ स्टील' क्रमशः लिहून ते मत खोटं पाडलं. कादंबरी १९५४मध्ये पुस्तकरूपात आली. त्याच्याकडे हुकमाचा पत्ता होता तो रोबॉटांच्या तीन नियमांचा. रोबॉट माणसाला इजा करू शकत नाही, हे वाचकाला आधीच माहीत असतं. म्हणजे नियम सगळ्यांसमोर मांडलेले, लबाडीला जागा नाही. एलायजा बेली हा माणूस-पोलीस आणि आर. डॅनील ऑलिव्हॉ हा त्याचा रोबॉट-जोडीदार मिळून खुनाचा छडा लावतात.

कादंबरीच्या सुरुवातीचा एक तपशील मला खुनापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पोलीस खात्यात निरोप्याचं काम करणाऱ्या एका तरुणाला काढून त्याच्या जागी आर. सॅमी हा रोबॉट आणला गेलेला असतो. बेलीच्या मनातली अढी तिथली आहे. 'रोबॉट' हा शब्दच मुळात कामाचा आहे. कारेल चापेकच्या १९२०च्या 'आर. यू. आर.' या चेक नाटकातून तो आला, चापेकला तो सुचवला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, आणि मूळ 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदारासाठी सक्तीने करायचं काम. 'यंत्रमानव' या आपल्या शब्दात यंत्र आहे, मानव आहे, पण हे नाही. अर्थाला धरून भाषांतर केलं असतं तर वेठबिगार म्हणावं लागलं असतं.

तिकडे जपानमध्ये प्रश्न विचारायची पद्धतच बदलत होती. युजी होरीचा 'पोर्टोपिया' हा कोबे शहरातल्या खुनाचा गेम १९८३मध्ये आला तेव्हा त्यातही टाइप करावं लागायचं. १९८५मध्ये तो फॅमिकॉमवर आला. तिथे कीबोर्ड नाही. मग आज्ञांची यादीच पडद्यावर आली: विचार, दाखव, शोध, पकड. निवडा आणि बटण दाबा. अडखळणं संपलं. पण पडद्यावर 'दाखव' लिहिलेलं असेल तर काहीतरी दाखवता येतं हे कळतंच. प्रश्न सुचण्याची जबाबदारी खेळणाऱ्याकडून लेखकाकडे गेली. पुढची तीन दशकं बहुतेक सगळे याच वाटेने चालले.

बिथेलचा डबा या वाटेवरचं स्टेशन आहे, पण त्याने एक मधला मार्ग काढला. 'सबसर्फेस सर्क्युलर'मध्ये बोलता बोलता महत्त्वाचे विषय तुमच्याकडे जमा होतात. एखादं नाव, एखादी अफवा. मग तो विषय उचलून दुसऱ्या कुणासमोर ठेवायचा. 'माळ्याला गुलाबांबद्दल विचार' हेच ते, फक्त गुलाब आधी कोणाच्या तरी तोंडून आले पाहिजेत. डब्यात चढणारे सगळे रोबॉट, त्यांना गेममध्ये 'टेक' म्हणतात, त्यामुळे एखाद्याने ठरीव उत्तर दिलं तरी चालून जातं; तो त्याच्या कामापुरता घडवलेला आहे. माणसांची कामं टेकांनी घेतली आहेत आणि वर शहरात त्यावरून धुसफूस आहे, हेही डब्यातल्या गप्पांमधूनच कळतं. असिमोव्हचा आर. सॅमी इथे बाकावर बसलेला आहे आणि या वेळी बोलतोय तो.

माझी तक्रार एकच. इथे चुकीचा प्रश्न विचारताच येत नाही. मी जे ऐकलं तेवढंच मला सुचू शकतं, म्हणजे मी गेमपेक्षा एक पाऊलही पुढे जाऊ शकत नाही. 'डेडलाइन'ने मला मठ्ठ ठरवलं, पण तिथे मी हुशार ठरण्याचीही शक्यता होती.

मग आता भाषा समजणारी यंत्रं आलीत तर पुन्हा टाइपच करू द्यावं की, असं तुम्ही म्हणाल. ते करून झालं आहे. एप्रिल २०२३मध्ये स्क्वेअर एनिक्सने 'पोर्टोपिया'ची एक फुकट आवृत्ती काढली, कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रात्यक्षिक म्हणून. तुमचा सहकारी यासु याला मनाला येईल त्या वाक्यात आज्ञा द्यायची. वाट्टेल ती उत्तरं स्वतः रचण्याची सोय मात्र काढून टाकली होती, तो भलतंसलतं बोलेल या भीतीने. लोकांनी सरळ, शहाणी वाक्यं टाइप केली आणि यासु पुन्हा पुन्हा न कळल्यासारखं करत राहिला. स्टीमवर त्याला सपाटून वाईट अभिप्राय मिळाले.

यासु माणूस आहे, हेच नडलं. पोएट असता तर त्याने त्या प्रत्येक न कळलेल्या वाक्यावर विजेबद्दल काहीतरी सुनावलं असतं, आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतलं असतं.