फिरत्या छावणीचे टपाल : मार्गनिर्णय आणि सेवेची प्रत

ज्या बिनतारी जाळ्यास कायमचे मनोरे नसतात, ज्यातील प्रत्येक यंत्र स्थान बदलत असते आणि स्वतःच्या संदेशाबरोबर इतरांचे संदेशही पुढे पोहोचविते, त्यास ‘मोबाइल ॲड हॉक’ जाळे म्हणतात. या क्षेत्रातील संशोधनाचे मुख्य प्रश्न दोन. पहिला मार्गनिर्णयाचा, म्हणजे हलत्या मुक्कामापर्यंतची वाट शोधण्याचा. दुसरा सेवेच्या प्रतीचा, म्हणजे संदेश ठरल्या वेळात व न गळता पोहोचेल अशी हमी देण्याचा. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात झालेल्या लष्करी पॅकेट-रेडिओ प्रयोगांपासून या अभ्यासास आरंभ झाला. प्रश्न मात्र त्याहून पुष्कळ जुने आहेत. छावणीतून राज्यकारभार करणाऱ्या मराठ्यांपुढे ते अठराव्या शतकातच उभे होते. आणि त्यांच्या उत्तरांची मर्यादा प्रथम पानिपतावर व पुढे आजच्या यवतमाळ जिल्ह्यात उघड झाली.

पेशवेकालीन पत्रव्यवहार जासूद व कासीद यांच्या पायांवर चाले. पत्र बहुधा एकट्याजवळ न देता ‘जासूदजोडी’बरोबर रवाना करीत, एक वाटेत पडला तरी दुसऱ्याने पुढे जावे, हा यातील हेतू उघड आहे. निकडीच्या कामी ‘अजुरदार’ कासीद करीत. अजुरा म्हणजे ठरीव मजुरी. किती दिवसांत पोहोचावयाचे याची बोली तीत असे. साधे पत्र आणि निकडीचे पत्र यांत भेद करून वेगाचे मोल देण्याची ही रीत म्हणजे सेवेच्या प्रतीचा करारच होय. ‘पत्र पावले, मजकूर कळला’ असे लिहिण्याचा व पूर्वी पाठविलेल्या पत्रांचा हवाला देण्याचा प्रघातही केवळ शिष्टाचाराचा नव्हता. कोणते पत्र वाटेत गहाळ झाले, हे त्यावरून कळे.

ही व्यवस्था वेगाची हमी देऊ शके, वाटेची नव्हे. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो सदाशिवरावभाऊंची फौज व दिल्ली यांच्या मध्ये आला. पानिपतच्या छावणीचा दक्षिणेशी असलेला संबंध क्रमाने तुटत गेला. अशा स्थितीत अजुरा वाढवून काय होणार? १४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. नानासाहेब पेशव्यांस ती वार्ता २४ जानेवारीस भेलशाजवळ मिळाली, ती एका सावकारी कासिदाजवळच्या पत्रातून. त्यात माणसांऐवजी मोती, मोहरा व नाणी यांची सांकेतिक भाषा होती. सावकारांच्या पेढ्या अनेक शहरांत पसरलेल्या असल्याने त्यांचे टपाल एकाच छावणीवर किंवा एकाच वाटेवर अवलंबून नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

दुसरा प्रसंग १८१८ चा. नोव्हेंबर १७१७ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे हातचे गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाचा दरबारच फिरता झाला. आप्पासाहेब भोसल्यांच्या साह्याच्या आशेने तो चांद्याच्या रोखाने निघाला. परंतु मार्चमध्येच इंग्रजांनी आप्पासाहेबांस नागपुरात कैद केले होते. १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे, डव्हटनच्या फौजेपासून दूर जात असता, बाजीराव ॲडम्सच्या फौजेवर येऊन आदळला. पुढील पाठलाग उमरखेडच्या दिशेने झाला. ढाणकी हे गाव याच उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. रोज मुक्काम हलविणाऱ्या छावणीत बातमी पोहोचेपर्यंत शत्रूचे ठाणेही बदललेले असे. आलेली वार्ता खरी असूनही शिळी ठरे. ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

ताजी वार्ता शिळीपासून वेगळी कशी ओळखावी, हाच आधुनिक मार्गनिर्णयातील कळीचा मुद्दा आहे. १९९४ मध्ये पर्किन्स व प्रवीण भागवत यांनी प्रत्येक यंत्राजवळ मार्गांचे कोष्टक ठेवून त्यातील नोंदींना अनुक्रमांक देण्याची पद्धत मांडली. अधिक क्रमांकाची नोंद ती ताजी. तथापि कोष्टके सतत अद्ययावत ठेवण्यात जाळ्याची शक्ती खर्ची पडते. म्हणून १९९९ मध्ये पर्किन्स व रॉयर यांनी गरज पडेल तेव्हाच वाट विचारण्याची पद्धत पुढे आणली. वाटेत छावणीचा ठाव विचारीत जाणारा कासीद या दुसऱ्या पद्धतीस जवळचा. तीत खर्च कमी, पण पहिल्या संदेशास विलंब अधिक.

दोन्ही पद्धतींस एकच मर्यादा लागू पडते. वाटेवरील यंत्रांकडून वेळेची व क्षमतेची हमी घेता येते. परंतु ती यंत्रे हलली की हमीही संपते. हमीचे आयुष्य मार्गाच्या आयुष्याहून अधिक असू शकत नाही. म्हणून पानिपत व शिवणी येथील अपयशाचा दोष केवळ जासुदांच्या दिरंगाईस देणे इतिहासास धरून होणार नाही. जोडी, अजुरा व पोच या तिन्ही योजना योग्यच होत्या. उणीव होती ती पर्यायी वाटांची. ती सावकारांच्या पेढ्यांजवळ होती, दौलतीजवळ नव्हती.