भूल, रक्त आणि घड्याळ

कील येथील सर्जन ऑगस्ट बीर याने 1898 च्या ऑगस्टमध्ये रोग्याच्या कण्यात कोकेन टोचून कमरेखालचे शरीर बधिर केले. पुढे त्याने व त्याच्या साहाय्यकाने हा प्रयोग एकमेकांवरच केला. साहाय्यकाच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली, ती त्याला लागली नाही. बीरला मात्र नंतर कित्येक दिवस अंथरुणातून डोके उचलवेना! त्या काळी धास्ती होती ती औषधाची; रक्त पातळ करणारी औषधे अजून जन्मावयाची होती.

सुईने शीर दुखावली तर हातावर बोट दाबून रक्त थांबविता येते. कण्याची गोष्ट निराळी. ती हाडांची बंद नळी आहे. आत साचलेले रक्त मज्जारज्जूवरच दाब आणते, आणि तो सुमारे 8 तासांत शस्त्रक्रियेने दूर न झाल्यास पाय परत मिळण्याची आशा मावळत जाते. त्यातून पाय आधीच बधिर. मग ते लुळे पडल्याचे ध्यानी यावे कसे?

हा धडा अमेरिकेने फार महागात घेतला. गुठळी होऊ नये म्हणून देण्याचे एनॉक्सापॅरिन हे औषध युरोपात दिवसातून एकदा, 40 मिलिग्रॅम, असे देत. अमेरिकेत ते 1993 साली आले, ते 30 मिलिग्रॅम दर 12 तासांनी. सुई टोचावयास किंवा नळी काढावयास निर्धोक अशी वेळच उरेना. 5 वर्षांत कण्यातील रक्तस्रावाचे 40 हून अधिक रोगी नोंदले गेले. डिसेंबर 1997 मध्ये सरकारी इशारा निघाला, आणि 1998 साली भूलतज्ज्ञांनी एकत्र बसून नियम ठरविले. आज लहान मात्रेनंतर निदान 12 तास व मोठ्या मात्रेनंतर 24 तास थांबतात. नळी काढतानाही घड्याळ पाहावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मग रक्त तपासून धोका कळत नाही काय? कानाच्या पाळीला टोचून रक्त किती वेळाने थांबते हे पाहण्याची डॉ. ड्यूक यांची 1910 ची रीत दीर्घकाळ चालली. पण तीवरून शस्त्रक्रियेतील रक्तस्रावाचे भाकीत करता येत नाही असे पुढे दिसून आले. आम्हांस वाटते, त्याहून साधे प्रश्न बरे: दात काढल्यावर रक्त किती वेळ वाहिले? घरात कुणाला असे होते काय? कोणती गोळी घेता, शेवटची केव्हा घेतली? “हृदयाची एक पांढरी गोळी” एवढ्या उत्तराने मात्र भागत नाही, चिठ्ठीच दाखवावी. आणि भीतीने ती गोळी आपल्या मनाने बंदही करू नये, कारण त्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी होऊ शकते. किती दिवस थांबावयाचे, की कण्याऐवजी बोटाने दाबता येईल अशा उथळ जागची नस निवडावयाची, हे भूलतज्ज्ञ व हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवितात.