जितके–तितके

'समीकरण' हा शब्द हल्ली गणितापेक्षा राजकारणातच अधिक ऐकू येतो. निवडणूक जवळ आली की पक्षांची समीकरणे, जातींची समीकरणे जो तो मांडू लागतो. शाळेतल्या मुलांना मात्र हा शब्द ऐकताच घाम फुटतो. तयार समीकरण फळ्यावर लिहून द्या, ती भराभर सोडवतील. पण तीच गोष्ट चार ओळींच्या साध्या मराठीत सांगा, की पेन्सिल अडलीच म्हणून समजा. आणि समजा उत्तर आलेच, तर "याचा अर्थ काय रे?" या प्रश्नाला उत्तर नाही.

ही अडचण आजची नाही. ती ओळखून मन लावून शिकवणारा एक थोर गुरू आपल्याच सह्याद्रीच्या परिसरात होऊन गेला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्याचा 'लीलावती' हा भाग लोकांना नावाने तरी ठाऊक असतो. 'बीजगणित' या भागाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. या ग्रंथात अज्ञात संख्येला नाव आहे 'यावत्तावत्'. यावत् म्हणजे जितके, तावत् म्हणजे तितके. त्याचे आद्याक्षर 'या' घेऊन गणित मांडायचे. दुसरी अज्ञात संख्या आली तर तिला रंगाचे नाव द्यायचे : कालक, नीलक, पीतक, लोहितक. पुढे मराठीत 'क्ष' आला, आणि क्ष-किरणांच्या नावात तो अजून नांदतो आहे. परंतु 'क्ष' हे मुके अक्षर आहे. 'जितके–तितके' हे बोलते नाव आहे.

आता त्यांचे एक उदाहरण पाहा. एका माणसाजवळ ६ घोडे आणि रोख ३०० आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० चे कर्ज आहे. दोघांची मत्ता सारखीच. तर घोड्याची किंमत काय? भास्कराचार्यांच्या पद्धतीने एका ओळीत 'या ६ रू ३००' लिहायचे आणि बरोबर खाली 'या १० रू १००'. कर्जाच्या शंभरावर एक ठिपका. 'रू' म्हणजे रूप, ज्ञात संख्या. दोन ओळी एकाखाली एक आल्या की त्या समान समजायच्या. दोन आडव्या रेघांचे बरोबरीचे चिन्ह पुढे, १५५७ साली, रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्सच्या वैद्याने छापून आणले.

घोड्याची किंमत १०० येते. पण गुरूजी इथे थांबत नाहीत. तेच घोडे, तेच कर्ज; फक्त अट बदलतात. पहिल्याच्या मत्तेच्या निम्म्यात २ मिळवल्यावर दुसऱ्याची मत्ता होत असेल तर? उत्तर ३६. पहिला दुसऱ्याच्या तिप्पट श्रीमंत असेल तर? उत्तर २५. गोष्ट तीच, शब्द एखाददुसरा बदललेला, आणि समीकरण निराळे. विद्यार्थ्याने वाक्य नीट वाचावे, हाच तर यातला धडा!

विरारच्या पूर्वेला आमच्या चंदनसारला घोड्यांचा व्यापार कोण करणार? म्हणून मी वर्गात घोड्यांच्या जागी मोगऱ्याच्या टोपल्या ठेवतो. वसईची फुले आणि भाजी घेऊन लोकलने मुंबई गाठणाऱ्या बायका या मुलांनी पाहिलेल्या असतात. गणित सांगून होते न होते तोच प्रश्न येतो : "जिच्यावर उधारी आहे ती बाई दुसरीइतकी श्रीमंत कशी?" हा प्रश्न आला की माझे अर्धे काम झाले. ऋण या शब्दाचा व्यवहारातला अर्थ आणि गणितातला अर्थ त्या क्षणी एक होतात. मग मी उलटे करतो. समीकरण फळ्यावर लिहितो आणि म्हणतो, "आता याची गोष्ट तुम्ही रचा." कोणी पाण्याच्या टँकरची रचतो, कोणी रिक्षाच्या भाड्याची. एखाद्याच्या गोष्टीत रिक्षात अडीच माणसे बसतात आणि वर्ग हसतो. त्या हसण्यात उत्तराची पारख असते.

ही पारखही भास्कराचार्यांनी शिकवली आहे. माकडांचा एक कळप आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. इतकी माकडे गुहेत गेली. एक तेवढे बाहेर दिसते. तर एकूण माकडे किती? समीकरण दोन उत्तरे देते, ५० आणि ५. पण ५ घेतले तर पाचवा भाग १, आणि त्यातून ३ जायचे कसे? म्हणून आचार्य ५० ठेवतात आणि ५ सोडून देतात. लोकांना असली ऋण माकडे पटत नाहीत, हे त्यांचे कारण. दुसऱ्या एका कळपाचे असे : आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि १२ माकडे टेकडीवर आहेत. इथे ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे ते मान्य करतात, कारण दोन्ही गोष्टीत बसतात. समीकरणाने दिलेले प्रत्येक उत्तर डोळे मिटून घ्यायचे नसते. ते पुन्हा गोष्टीत नेऊन बसवून पाहायचे असते.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला, त्या मठाला इ. स. १२०७ च्या सुमारास मिळालेल्या दानांची ही नोंद. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण बाजारातून मठाला काय मिळायचे ते सांगायची वेळ येते तेव्हा लेख मराठी होतो. त्यात एक कलम असे, की जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या पळ्या तेल मठाला द्यावे.

जितके घाणे, तितक्या पळ्या! भास्कराचार्यांच्या ग्रंथातले यावत्तावत् इथे तेल्याच्या घाण्यावर उतरले आहे. पंडितांचे बीजगणित आणि बाजारातली मराठी यांत वाटते तेवढे अंतर नव्हतेच.

म्हणून मला वाटते, समीकरण हा आधी भाषेचा धडा आहे आणि मग गणिताचा. आमच्या भागात भाताची शेते जाऊन इमारती उभ्या राहिल्या. घराघरांत कर्जाचे हप्ते आले. वीजबिलात स्थिर आकार आला आणि त्यापुढे वापराची रक्कम. ही सगळी जितके–तितके घातलेली वाक्येच आहेत. ती दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली असतात आणि त्यांवर सही आपल्या मुलांना करायची असते. पाटणच्या तेल्याला आपल्यावर किती पळ्यांचा बोजा आहे हे स्वतःच्या भाषेत कळत होते. आपल्या मुलांना निदान तेवढे तरी कळले पाहिजे.